हौसेचा लेथ

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, पुण्याच्या भोसरीत किंवा नाशिकच्या सातपूरला कुठल्याही गल्लीत शिरा, चार दुकानं ओलांडायच्या आत लेथ फिरताना दिसेल. महाराष्ट्रात लेथ कमी नाहीत आणि ते चालवणारे हातही कमी नाहीत. पण त्याच गल्लीत ‘इथे कुणी हौस म्हणून लेथ चालवतं का?’ असं विचारलंत, तर लोक तुमच्याकडे जरा काळजीनं पाहतील. हौशी माणूस गातो, नाटकात काम करतो, गड चढतो, गच्चीत गुलाब लावतो. लोखंड कापणं हा पोटाचा उद्योग. तो संध्याकाळी घरी येऊन, पदरमोड करून, कुणी ऑर्डर दिलेली नसताना कशाला करायचा?

हे पुस्तक त्या ‘कशाला’च्या वाटेला जात नाही. कानस कशी धरायची इथून ते सुरू होतं आणि वाफेवर चालणारं, वीतभरही उंच नसलेलं इंजिन फिरायला लागलं की संपतं. मधल्या पानांत लेखकाने एकदाही आपल्या छंदाचं समर्थन केलेलं नाही, हे मला फार आवडलं. प्रस्तावना लिहिणाऱ्याला मात्र ती चैन परवडत नाही.

ब्रिटनमध्ये या छंदाला मॉडेल इंजिनिअरिंग म्हणतात. यातली मॉडेलं काचेच्या कपाटात ठेवण्यासाठी नसतात, ती चालतात. साडेतीन इंच रुंद रुळांवरचं छोटं इंजिन कोळसा खातं, पाणी पितं आणि मागच्या गाडीवर बसलेल्या मोठ्या माणसाला ओढून नेतं. कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये तुम्ही गेला असाल. ते छोटं शहर पाहण्यासारखं आहेच, पण तिथल्या गाड्या विजेवर धावतात आणि तिथली गंमत मांडणीत आणि नियंत्रणात आहे. या पुस्तकातली गंमत धातूत आहे.

या छंदाचा मूळपुरुष शोधायचा तर खुद्द जेम्स वॉटच सापडतो. धंद्यातून निवृत्त झाल्यावर त्याने बर्मिंगहॅमजवळच्या आपल्या हीथफील्ड या घरात माळ्यावर कार्यशाळा थाटली आणि पुतळ्यांच्या प्रती कोरणारी यंत्रं करत बसला. 1819 मध्ये तो वारल्यावर ती खोली तशीच बंद राहिली. पुढे 1924 मध्ये ती हत्यारांसकट उचलून लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये मांडण्यात आली. त्याच्याही आधी युरोपातल्या राजेरजवाड्यांना लेथवर हस्तिदंत कातण्याचा नाद होता. रशियाचा पीटर द ग्रेट त्यातला सर्वांत प्रसिद्ध. पण ते राजांचे नाद. त्यांना हत्यारांची किंमत विचारावी लागत नसे.

सामान्य माणसापर्यंत हा छंद आला तो एका मासिकामुळे. जानेवारी 1898 मध्ये पर्सिव्हल मार्शल या संपादकाने लंडनमध्ये ‘द मॉडेल इंजिनिअर अँड अ‍ॅमॅच्युअर इलेक्ट्रिशियन’ सुरू केलं. त्याच वर्षी त्याच्या वाचकांची एक संस्था उभी राहिली, ती आजही आहे. या क्रमाकडे मी मुद्दाम बोट दाखवतो. आधी छापील पान आलं, मग माणसं एकमेकांना भेटली. गावोगाव एकेकटे बसलेले कारकून, शिक्षक, कामगार यांना आपल्यासारखे आणखी वेडे आहेत हे मासिकातून कळलं. लेथ त्यांच्याकडे होता किंवा घेता येत होता; पुढे काय करायचं ते मासिकाने सांगितलं.

आणि ते कसं सांगितलं, हे महत्त्वाचं. 1924 पासून ‘एलबीएससी’ या टोपणनावाने एक माणूस तिथे लिहू लागला. लंडन, ब्राइटन अँड साउथ कोस्ट रेल्वेत त्याने नोकरी केली होती, तीच आद्याक्षरं त्याने घेतली. व्यवहारातलं नाव लॉरेन्स. त्याच्या लेखनात सिद्धान्त कमी आणि हाताला सांगणं जास्त. हा तुकडा चकमध्ये असा धर, एवढा बाहेर ठेव, अमुक ड्रिल घाल, बुरा अडकला तर मागे घे. जणू लिहिणारा बेंचच्या पलीकडे उभा आहे. वाचकाकडे महागडी यंत्रं नाहीत, एक छोटा लेथ आणि थोडी हातहत्यारं आहेत, हे तो कधी विसरला नाही. त्याचं ‘टिच’ नावाचं चार चाकांचं लहानसं इंजिन नवशिक्यांसाठी लिहिलेलं होतं आणि जगभर लोकांनी ते केलं. वाचून केलं. त्यांतल्या बहुतेकांनी एलबीएससीला पाहिलंही नव्हतं.

त्याच्या नावावर एक गाजलेलं भांडणही आहे. 1920च्या दशकात हेन्री ग्रीनली हे या क्षेत्रातलं वजनदार नाव होतं. अडीच इंची रुळांवरच्या एवढ्याशा इंजिनाने कोळसा जाळून माणसं ओढावीत हे व्यवहार्य नाही, असं त्या बाजूचं म्हणणं. एलबीएससीने आपलं ‘आयेशा’ हे इंजिन आणून माणसं ओढून दाखवली. भांडणाच्या मुळाशी साधं गणित आहे. आकार निम्मा केला की बॉयलरमधलं पाणी आठव्या हिश्शावर येतं, पण बाहेरचा पृष्ठभाग चौथ्या हिश्शावरच थांबतो. म्हणजे पाण्याच्या मानाने उष्णता गमावणारी जागा दुप्पट झाली. शिवाय मोठ्या बॉयलरमधल्या शेकडो नळ्या त्याच प्रमाणात बारीक केल्या तर त्यांतून धूर जायचाच नाही, काजळीने बुजून जातील. एलबीएससीने संख्या कमी केली आणि नळ्या जाड ठेवल्या. मोठ्या यंत्राची हुबेहूब नक्कल केली की छोटं यंत्र चालत नाही, ते पुन्हा नव्याने योजावं लागतं. या छंदातली सगळी इंजिनिअरिंग इथे आहे.

आता आपल्याकडे पाहू. 1918च्या सुमारास बाबूराव पेंटर आणि विष्णुपंत दामले यांनी कोल्हापुरात स्वतःच्या हाताने सिनेमाचा कॅमेरा घडवला, आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ हा चित्रपट पडद्यावर आला. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पण फिल्म झटक्याझटक्याने एकेक चौकट पुढे सरकावी आणि तिच्यावर प्रकाश पडताना क्षणभर स्थिर राहावी म्हणून आत काय बसवलं, ते कशातून कापलं, हे त्या गोष्टीत येत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये माळरानावर कारखाना उभा केला आणि दहा वर्षांत तिथूनच ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. नांगराच्या कारखान्यात जन्मलेलं मासिक! पुढे त्याचं ‘किर्लोस्कर’ झालं, त्याने मराठी वाचकाला कथा दिल्या, वाद दिले, नव्या विचारांची चटक लावली. आटे कसे पाडायचे हे शिकवणं त्याचं काम राहिलं नाही.

आपल्याकडचं धातूचं ज्ञान हातात साठलेलं आहे. ते मिस्त्रीकडून पोऱ्याकडे जातं, तेही अर्धंमुर्धं: ‘बघ आणि शीक.’ ज्याला बघायला उभं राहता येत नाही, त्याला ते बंद. आयटीआयची पुस्तकं आहेत, पण ती परीक्षेसाठी; त्यांत लेथच्या भागांची नावं मिळतात आणि चकचे प्रकार मिळतात. पितळेत भोक पाडताना ड्रिल एकदम आत खेचलं का जातं आणि त्यासाठी त्याची धार दगडावर किंचित बोथट का करायची, हे टर्नरला ठाऊक असतं. ते त्याच्याबरोबर निवृत्त होतं. प्रस्तुत पुस्तक मला महत्त्वाचं वाटतं ते या कारणासाठी. त्यातलं इंजिन नवं नाही. मराठीत ते कुणीतरी बेंचच्या पलीकडे उभं राहून सांगतंय, हे नवं आहे.

घरातलं काम कारखान्यातल्या कामापेक्षा वेगळं कुठे पडतं, हे एका उदाहरणाने सांगतो. सपाट पृष्ठभाग कसा करायचा? मशीनवर, असं आपण म्हणू. पण त्या मशीनचा सपाट बेड कुठून आला? हेन्री मॉड्सलेच्या कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने 1840 मध्ये याची पद्धत विद्वानांच्या सभेत मांडली. बिडाच्या तीन प्लेट घ्यायच्या. दोनच घेतल्या तर एक किंचित फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट होऊन दोघी एकमेकींवर चपखल बसतील आणि आपली फसगत होईल. तिसरी आली की ही लबाडी टिकत नाही. तिघींपैकी कुठल्याही दोन एकमेकींवर नीट बसायच्या तर तिघी सपाटच असाव्या लागतात. एकीवर निळा रंग अगदी पातळ पुसायचा, दुसरी तिच्यावर हलकेच सरकवायची, जिथे निळं लागलं तो उंचवटा, तेवढाच स्क्रेपरने खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा सरकवणं. सुरुवातीला निळे डाग दोन कोपऱ्यांत दिसतात, मग मध्ये एखादा उगवतो, आणि खूप उशिरा सगळ्या प्लेटवर एकसारखे शिंतोडे पसरतात. कुठलंही अचूक यंत्र हाताशी नसताना अचूकपणा निर्माण होतो. तासाचा दर लावला तर हे काम कुणालाच परवडणार नाही. घरी दर नसतो. म्हणून घरच्या कार्यशाळेत अशी कामं होतात जी आज टूलरूममध्येही कुणी हाताने करत नाही.

दुसरा फरक मापाचा. कारखान्यात कुठलाही दट्ट्या कुठल्याही सिलिंडरमध्ये बसला पाहिजे, त्यासाठी ड्रॉइंगवर टॉलरन्स असतो. घरी एकच सिलिंडर आणि एकच दट्ट्या. या पुस्तकातलं इंजिन ज्या घराण्यातलं आहे, त्यातलं सर्वांत माहितीचं नाव स्टुअर्ट टेन-व्ही. इंग्लंडमधल्या स्टुअर्ट टर्नर कंपनीच्या ओतीव भागांतून लोक ते पिढ्यान्‌पिढ्या करत आले. पाऊण इंच व्यासाचा सिलिंडर, पाऊण इंचच स्ट्रोक, तीन इंची फ्लायव्हील. त्याचा सिलिंडर बोअर करताना पाहण्यासारखं असतं. बिडाच्या ओतीव तुकड्याची वरची कातडी कडक आणि वाळूने भरलेली. पहिला कट भीत भीत घेतला की टूलचं टोक त्या कातडीवरच घासून जातं. म्हणून पहिला कट खोल, कातडीच्या खालून. मग बोअरिंग बार जसजसा आत जातो तसतसा भाराने वाकतो आणि भोक मागच्या बाजूला अरुंद राहतं. शेवटी डायल न हलवता तोच कट पुन्हा घ्यायचा, परत एकदा घ्यायचा. टूलला काही कापायचं नाही असं वाटत असताना काळी भुकटी पडत राहते, कारण वाकलेला बार सरळ होत असतो. भुकटी थांबली की भोक सरळ झालं. ते 19.05 झालं की 19.12, याची चिंता नको. दट्ट्या त्याला मिळता करायचा. तेल लावून आत सोडला आणि खालचं तोंड बोटाने बंद केलं तर तो हवेवर अडून राहिला पाहिजे, बोट काढलं की सावकाश खाली आला पाहिजे. लेखकाने ही दोन वाक्यांची कसोटी दिली आहे. मायक्रोमीटरच्या तक्त्यापेक्षा ती मोलाची आहे.

यंत्र कुठलं घ्यायचं, यावर हौशी मंडळींत जेवढा वाद होतो तेवढं काम होत नाही. ब्रिटनमध्ये 1946 साली आलेला मायफर्डचा एमएल-सेव्हन हा घरगुती लेथ अर्धं शतक या छंदाचा कणा होता. आपल्याकडे आज चाळीसेक किलोचे चिनी मिनी लेथ मिळतात, ते लिफ्टने चौथ्या मजल्यावर जातात आणि गॅलरीत बसतात. लेखकाचा कौल त्यांच्याकडे आहे. माझा अर्धाच आहे. हे लेथ म्हणजे जुळवून ठेवलेले सुटे भाग समजावेत. आणल्या दिवशी पूर्ण उघडून, धुऊन, स्लाइडच्या पट्ट्या कसून मगच वीज जोडावी. जागा असेल तर राजकोट किंवा बटाल्याचा जुना लेथ घ्यावा, पण घेताना चकजवळचा बेड बोटाने आणि डायल गेजने तपासावा, कारण झीज तिथेच असते. आणि दोन्हींतलं काहीच परवडत नसेल तर डेव्हिड जिंजरी या अमेरिकन गृहस्थाचं उदाहरण आहे. त्याने आधी कोळशाची भट्टी बांधायला शिकवलं, भंगारातलं अ‍ॅल्युमिनियम वितळवून लेथचे भाग ओतले आणि त्या लेथवर पुढची यंत्रं केली. आपल्या गल्लीबोळांत मोटारसायकलचे जुने दट्टे किलोवर मिळतात, तेव्हा हा मार्ग आपल्याला परका वाटू नये.

बाकी सामानाची ददात नाही. मुंबईत नागदेवी, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार. जुन्या बाजारात बी.ए. (ब्रिटिश असोसिएशन) आट्यांचे टॅप दिसले तर सोडू नका. या छोट्या आट्यांवर जुनी ब्रिटिश ड्रॉइंगं उभी आहेत. गंमत म्हणजे नाव ब्रिटिश असलं तरी ते मुळात मेट्रिक आहेत: शून्य नंबरचा स्क्रू बरोबर सहा मिलिमीटरचा आणि पिच एक मिलिमीटर. कोकणातल्या वाचकाला वेगळाच शत्रू आहे. पावसाळ्यात उघडा ठेवलेला बेड रातोरात तांबूस होतो, तेव्हा तेलाचं फडकं हे तिथे लेथइतकंच आवश्यक हत्यार.

बॉयलरचं प्रकरण मी दोनदा वाचलं, आणि वाचकानेही तसंच वाचावं. इंजिन प्रथम हवेवर चालवून बघता येतं, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनेही काम होतं, आणि पुष्कळांनी तिथेच थांबायला हरकत नाही. पुढे जायचं असेल तर एक गोष्ट समजून घ्या. 80 पौंड दाबाची वाफ 160 अंश सेल्सिअसच्या वर असते. रेडिओ दुरुस्तीला वापरतात तो कथलाचा डाख 185 अंशांच्या आसपास वितळू लागतो आणि त्याच्या खूप आधीच दम सोडतो. म्हणून सांधे चांदीच्या डाखाचे, जो 600 अंशांच्या वर वितळतो. इंटरनेटवर दिसणारे कथलाने जोडलेले बॉयलर बघून मोह झाला तर तो आवरा. तयार बॉयलरची चाचणी पाण्याने, कामाच्या दाबाच्या दुप्पट दाबावर. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सांधा सुटला तरी फक्त धार लागते. हवेने किंवा वाफेने तीच चाचणी केली तर साठलेली सगळी ऊर्जा एकदम बाहेर येते.

तांब्याचं काम मात्र आपल्याकडे शिकायला माणूस आहे. पुण्याच्या तांबट आळीत जाऊन उभं राहा. हातोड्याच्या एकसारख्या ठोक्यांनी भांड्यावर उठणारं ते मठारकाम दिसायला नक्षी असलं तरी त्याने पत्रा कडक होतो. बॉयलरच्या तोंडाच्या प्लेटची कड वळवताना नेमकी हीच गोष्ट आड येते: दहा-वीस ठोक्यांत तांबं हट्टी होतं, मग लाल करून पाण्यात बुडवायचं, म्हणजे पुन्हा मऊ. घाई करून ठोकत राहिलं की कडेला चीर. लेखकाने हे प्रकरण एखाद्या तांबटाला वाचून दाखवलं असतं तर त्यात आणखी दोन पानं वाढली असती, अशी माझी तक्रार आहे.

हा छंद निवृत्त पुरुषांचा, असा एक समज आहे आणि ब्रिटनमधली प्रदर्शनं पाहिली तर तो पुरता खोटाही नाही. पण त्याच प्रदर्शनांत ड्यूक ऑफ एडिनबरो ट्रॉफी नऊ वेळा जिंकली ती चेरी हिल यांनी. त्यांची एकास सोळा प्रमाणातली वाफेची इंजिनं पाहिली की नटबोल्टसुद्धा स्वतः केलेले दिसतात. पुस्तकाच्या चित्रांत लेथवर फक्त बाप आणि मुलगा आहेत. पुढच्या आवृत्तीत मुलगीही असावी.

एवढं करून शेवटी वाचक पहिली चार प्रकरणं गाळणार, हे मला दिसतंय. त्यांत लेथ नाही, नुसती व्हाइस, कानस आणि गुण्या आहे, आणि 25 मिलिमीटरचा पोलादी ठोकळा हाताने करायला सांगितला आहे. तो करा. पाच बाजू कशाबशा जमतात. सहावी करताना आधीच्या पाचांतल्या सगळ्या चुका तिच्यावर येऊन बसतात, गुण्याखालून उजेड दिसत राहतो आणि ठोकळा लहान होत जातो. 22 मिलिमीटरचा झाला तरी फेकू नका, पुढे त्यातच भोक पाडून टॅप सरळ धरायची चौकट करायची आहे. 20च्या खाली गेला तर मात्र नवा तुकडा घ्या.